‘नाही’चा अन्वय : नास्तिक्यविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या भाषेसंबंधी काही विचार

विज्ञानाचा पुरस्कार करणारे, चमत्कारांची चिकित्सा करणारे किंवा उघडपणे नास्तिक भूमिका मांडणारे जे कार्यक्रम गेल्या अर्धशतकात दूरचित्रवाणीवर झाले, त्यांच्यावरील टीका बहुधा दोन वाटांनी जाते. एक टीकाकार त्यांतील विज्ञान बरोबर आहे की नाही हे तपासतो. दुसरा त्यांनी कोणाच्या भावना दुखावल्या याचा हिशेब मांडतो. दोन्ही प्रकारचा विचार आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते ती ही, की कार्यक्रमात काय म्हटले गेले हे आपणांस नीट कळलेले आहे. प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच्या उलट आहे. या कार्यक्रमांतील वाद वरवर पाहता देवाविषयी किंवा निसर्गनियमांविषयी असतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा एका वाक्यातील नकार कोणत्या पदाशी अन्वित करावयाचा याविषयी असतो. वाद व्याकरणाचा आहे हे बोलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, म्हणूनच तो संपत नाही.

कार्ल सेगन यांच्या १९८० सालच्या ‘कॉसमॉस’ या तेरा भागांच्या मालिकेचा विचार येथे केलेला नाही. ती मालिका थोर आहे. पण तीत निवेदक एकटाच बोलतो, त्याला अडविणारा कोणी नाही. नकाराची परीक्षा प्रतिपक्षी समोर असतो तेव्हाच होते. म्हणून जेथे दोन माणसे एकमेकांशी बोलतात, निदान बोलू पाहतात, अशाच कार्यक्रमांकडे पाहावयाचे आहे.

अशा कार्यक्रमांत भाषाभ्यासकाला सर्वाधिक उपयोगी असा कार्यक्रम दिसावयास सर्वांत दरिद्री आहे. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या ऑस्टिन या राजधानीत तेथील नास्तिकांच्या एका संघटनेने १९९७ साली ‘द एथिइस्ट एक्स्पीरियन्स’ या नावाने तो सुरू केला. सर्वसामान्य नागरिकांच्या उपयोगासाठी राखून ठेवलेल्या स्थानिक केबल वाहिनीवरून तो दर आठवड्यास थेट प्रक्षेपित होत असे. पुढे आंतरजालामुळे त्याला जगभर श्रोते मिळाले. एक टेबल, त्यामागे बहुधा दोन निवेदक, आणि दूरध्वनीवर येणारे आवाज, एवढाच त्याचा संसार. पाहण्यासारखे त्यात जवळजवळ काही नाही. ऐकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. या कार्यक्रमाचे दीर्घकाळचे निवेदक मॅट डिलहंटी हे सदर्न बॅप्टिस्ट पंथात वाढलेले, एके काळी धर्मोपदेशक होण्याच्या तयारीत असलेले गृहस्थ. त्यामुळे समोरच्या माणसाचे पुढचे वाक्य कोणते असणार हे त्यांना बहुधा आधीच ठाऊक असते, आणि हे त्यांचे बलही आहे व दोषही.

कार्यक्रमातील संभाषण पुनःपुन्हा एकाच उंबरठ्यावर अडखळते. देव आहे यावर माझा विश्वास नाही, असे निवेदक म्हणतो. दूरध्वनीवरील मनुष्य लगेच विचारतो, देव नाही हे तुम्ही कशावरून सिद्ध करता? निवेदक म्हणतो, मी तसे म्हटलेच नाही. श्रोत्याला ही पळवाट वाटते. निवेदकाला श्रोता मुद्दाम विपर्यास करतो आहे असे वाटते. मग डिलहंटी आपला बरणीचा दृष्टान्त काढतात. बरणीत गोळ्या भरलेल्या आहेत. त्यांची संख्या सम तरी असणार किंवा विषम तरी. तिसरा पर्याय नाही. कोणी न मोजताच ती सम आहे असे सांगितले, आणि मी ते मान्य केले नाही, तर याचा अर्थ ती विषम आहे असे मी प्रतिपादिले असा होत नाही. दृष्टान्त निर्दोष आहे. तरीही तो ऐकून एखाद्या श्रोत्याचे समाधान झाल्याचे क्वचितच ऐकू येते, आणि अभ्यासकाचे कुतूहल येथेच जागे होते. इतकी स्पष्ट गोष्ट लोकांना पटत का नाही?

याचे उत्तर तर्कात नाही, भाषेत आहे. वाटणे, मानणे, समजणे अशा अर्थाच्या क्रियापदांबरोबर आलेला नकार वाक्यात बाहेर बसलेला दिसला, तरी ऐकणारा तो आतल्या उपवाक्याशी जोडतो. ‘पाऊस येईल असे मला वाटत नाही’ असे म्हणणाऱ्याचा अर्थ ‘पाऊस येणार नाही असे मला वाटते’ असाच आपण घेतो. या माणसाचे पावसाविषयी काहीच मत नाही असे कोणी समजत नाही. चार्ल्स फिलमोर यांनी १९६३ साली या घटनेसाठी नकाराच्या स्थानांतराचा नियम कल्पिला; लॉरेन्स हॉर्न यांनी नकाराच्या स्वाभाविक इतिहासावरील आपल्या १९८९ च्या ग्रंथात तिचा विस्तृत ऊहापोह केला. त्या ग्रंथाने या निरीक्षणाची वंशावळ मागे नेत अकराव्या शतकातील संत अन्सेल्म यांच्यापर्यंत पोहोचविली आहे. लॅटिनमध्ये ‘पाप करणे कर्तव्य नाही’ असे म्हणून ‘पाप न करणे हे कर्तव्य आहे’ असा अर्थ घेतात, हे अन्सेल्मने टिपून ठेवले होते. हाच अन्सेल्म ईश्वराच्या अस्तित्वाची केवळ कल्पनेवरून सिद्धी करणाऱ्या सुप्रसिद्ध प्रमाणाचा कर्ता होय. ऑस्टिनच्या स्टुडिओत नऊ शतकांनंतर जो घोळ चालतो, त्याची दोन्ही टोके एकाच माणसाने हाताळली होती, हा योगायोग मनोरंजक म्हटला पाहिजे.

तेव्हा दूरध्वनीवरील श्रोता लबाड नसतो. तो आपली भाषा जशी ऐकावयास शिकला तशीच ऐकतो. आणि डिलहंटीही चुकत नाहीत. ते वाक्याचा तार्किक अर्थ धरून बसतात आणि सामान्य व्यवहारातील अर्थ नाकारतात. परंतु सामान्य माणसाशी बोलताना व्यवहारातील अर्थ नाकारावयाचा, तर त्याची पूर्वसूचना दिली पाहिजे, आणि ती केवळ दृष्टान्ताने दिली जात नाही. क्रियापद बदलावे लागते.

मराठीत हे करून पाहण्यासारखे आहे. आमच्या पदव्युत्तर वर्गात या कार्यक्रमातील एक संभाषण लिप्यंतर करून मराठीत आणण्यासाठी मी विद्यार्थ्यांना दिले होते. निवेदकाच्या त्या कळीच्या वाक्याचे भाषांतर बहुतेकांनी ‘देव नाही असे मला वाटते’ असे सरळ करून टाकले. त्यांनी चूक केली असे म्हणवत नाही. वाटणे हे क्रियापद घेतले की मराठीचा कल तिकडेच आहे. काहींनी ‘मी देव मानत नाही’ असे लिहिले. हे भाषांतर रूढ आहे, सहज आहे, आणि सर्वांत घातक आहे. कारण मानणे या क्रियापदात अस्तित्वाचा स्वीकार आणि आदर ही दोन्ही एकत्र नांदतात. ‘तो थोरल्या भावाला मानत नाही’ म्हणजे थोरला भाऊ अस्तित्वात आहे याविषयी त्याला शंका आहे असे नव्हे. तो त्याचा मान राखत नाही असे. म्हणून ‘देव मानत नाही’ हे वाक्य मराठी कानाला ज्ञानविषयक विधान म्हणून पोहोचण्याआधी अवमान म्हणून पोहोचते. एका विद्यार्थिनीने मात्र ‘देव आहे असे मी म्हणत नाही’ असे लिहिले, आणि भाषांतराच्या दृष्टीने मूळ शब्दांपासून दूर गेलेले हेच वाक्य अर्थाच्या सर्वांत जवळ होते. म्हणणे या क्रियापदावरचा नकार आत उतरत नाही. ‘त्याला काडीचाही फरक पडेल असे मला वाटत नाही’ हे वाक्य सहज उच्चारता येते, कारण ‘काडीचाही’ला हवा असलेला नकार आतपर्यंत पोहोचतो; ‘वाटत नाही’च्या जागी ‘म्हणत नाही’ घालून पाहावे, निदान माझ्या कानाला तरी ते वाक्य खटकते.

महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१३ साली ज्यांची हत्या झाली ते नरेंद्र दाभोलकर देव आहे की नाही या वाक्याच्या वाटेसच शक्यतो जात नसत; समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, असे ते सांगत. म्हणजे त्यांनी मानणे आणि वाटणे ही दोन्ही क्रियापदे टाळून विरोध हे नाम घेतले, आणि नकार कोणाशी जोडावयाचा ते चतुर्थीच्या प्रत्ययाने बांधून टाकले. केवळ व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर ऑस्टिनच्या निवेदकांपेक्षा ही रचना अधिक सावध आहे. तिने विरोधकांचे समाधान झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

आता थोडे मागे जावे. नकाराचे दोन प्रकार आपल्या शास्त्रकारांना चांगले ठाऊक होते. व्याकरण आणि मीमांसा या दोन्ही शास्त्रांत प्रसज्यप्रतिषेध आणि पर्युदास असा भेद केलेला आहे. प्रसज्यप्रतिषेधात नञाचा संबंध क्रियेशी असतो. तो केवळ निषेध करतो, निषेधाच्या जागी दुसरे काही ठेवीत नाही. पर्युदासात नञ् नामाशी जोडला जातो आणि त्या नामाहून भिन्न अशा दुसऱ्या वस्तूकडे बोट दाखवितो. अब्राह्मण म्हणजे कोणीच नव्हे असे नसून ब्राह्मणाहून वेगळा असा कोणी तरी मनुष्य. माध्यमिक बौद्धांनी आपले निषेध प्रसज्य स्वरूपाचे आहेत असे आग्रहाने सांगितले, कारण प्रतिपक्ष्याचे खंडन केले म्हणजे त्याच्या उलट मत आपण स्वीकारले, असा आरोप त्यांच्यावर वारंवार येत असे. डिलहंटी यांची बरणी ही याच भेदाची लोकभाषेतील आवृत्ती होय. त्यांना ही परंपरा ठाऊक असल्याचे दिसत नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

परंतु याच ठिकाणी आपल्या भाषेने एक अडचण करून ठेवली आहे. पाणिनीने चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील साठाव्या सूत्रात आस्तिक आणि नास्तिक या शब्दांची व्युत्पत्ती दिली आहे. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक. ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काशिकाकार त्या ‘आहे’चा कर्ता परलोक असा देतात, स्मृतिकारांनी वेदनिंदकाला नास्तिक ठरविले, ईश्वर हा कर्ता त्या मानाने पुष्कळ उशिरा आला. कर्ता बदलत गेला, पण शब्दाची घडण बदलली नाही. नास्तिक या शब्दात मतीचा अभाव नाही. ‘नाही’ अशी भरीव मती आहे. ग्रीक शब्दाची घडण याहून वेगळी, देवावाचून असलेला अशी आहे, आणि ऑस्टिनचे निवेदक त्या घडणीचा आधार घेऊन आपल्याला मतीचा अभाव एवढेच अभिप्रेत आहे असे सांगू शकतात. मराठीत स्वतःला नास्तिक म्हणविणाऱ्याला ही सोय नाही. शब्द उच्चारताच त्याने प्रतिज्ञा केलेली असते, आणि मग सिद्ध करा असे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. निरीश्वरवादी या शब्दाने काम भागत नाही, कारण त्यातही वाद आहेच.

न्यायालयाच्या भाषेतही हेच दिसते. आरोपी दोषी ठरला नाही म्हणजे तो निरपराध ठरला असे नव्हे, हा दाखला या कार्यक्रमात बरणीइतकाच वारंवार येतो. मराठी वृत्तपत्र उघडावे, तेथे आरोपीची ‘निर्दोष मुक्तता’ झालेली असते. इंग्रजीत क्रियेशी असलेला नकार मराठीत नामाला येऊन चिकटला आणि पुरावा अपुरा पडलेला मनुष्य एका उपसर्गाने निष्कलंक झाला. हा दाखला मराठी श्रोत्यापुढे ठेवला तर तो उलटाच उलगडेल.

इतका वेळ मी या कार्यक्रमाची बाजू समजावून घेत आलो. त्याचा दोषही सांगितला पाहिजे. न्यायदर्शनाने वादाच्या तीन जाती सांगितल्या आहेत : तत्त्वबोधासाठी चालणारा तो वाद, जिंकण्यासाठी चालणारा तो जल्प, आणि स्वपक्षाची स्थापना न करता केवळ परपक्षाचे खंडन करणारी ती वितंडा. ‘मी काहीच प्रतिपादीत नाही, तुमचे मान्य करीत नाही एवढेच’ ही भूमिका तर्काच्या दृष्टीने कितीही शुद्ध असली, तरी तिची जात वितंडेची आहे. वितंडा सर्वथा निंद्य असते असे मी म्हणणार नाही. नागार्जुन आणि श्रीहर्ष यांनी तिच्यातून तत्त्वज्ञान उभे केले. मात्र ती करणाऱ्याने ती अखेरपर्यंत निभावली पाहिजे. ऑस्टिनचे निवेदक आव्हान आले की प्रसज्यप्रतिषेधाच्या आश्रयास जातात आणि आव्हान टळले की उरलेला तासभर पर्युदासाच्या भाषेत बोलतात. विशिष्ट धर्मग्रंथातील विशिष्ट देवतेविषयी आपण ‘नाही’ असे ठामपणे म्हणू, सर्वसामान्य ईश्वरकल्पनेविषयी तसे म्हणणार नाही, असा भेद ते करतात हे खरे. पण वाक्यागणिक तो पाळला जात नाही. शिवाय संभाषण तोडण्याची कळ एकाच पक्षाच्या हाताखाली आहे. श्रोता मूळ मुद्दा सोडून फिरू लागला की आवाज बंद होतो. अर्थशून्य बडबड ऐकत बसावे असे नव्हे, परंतु ज्या वादात एका वादीला दुसऱ्याचे तोंड यंत्राने मिटता येते त्याला वाद म्हणणे कठीण आहे.

श्रोत्यांच्या बाजूने येणारी साक्षही भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अमुक बाईचा असाध्य रोग प्रार्थनेने बरा झाला, असे कोणी सांगतो. पाच प्रश्नांनंतर कळते की ती बाई त्याच्या ओळखीची नाही, गोष्ट दुसऱ्याने सांगितली, आणि त्यालाही ती तिसऱ्याकडून कळली होती. इंग्रजीत पाहिलेले आणि ऐकलेले एकाच क्रियारूपात बसते, म्हणून हे पाच प्रश्न लागतात. मराठीत यासाठी एक लहानसा शब्द आहे. ‘रोग बरा झाला’ आणि ‘रोग बरा झाला म्हणे’ या दोहोंतील अंतर आपल्याकडे निरक्षर मनुष्यही जाणतो. चिकित्सेचे हे साधन भाषेने आपल्या हाती आयते दिले आहे. आपण ते दुसऱ्यांच्या गोष्टींना लावतो आणि आपल्या गोष्टी सांगताना गाळतो, हा दोष भाषेचा नव्हे.

रिचर्ड डॉकिन्स यांचा दोन भागांचा कार्यक्रम जानेवारी २००६ मध्ये ब्रिटनमधील चॅनेल फोर या वाहिनीवर दाखविला गेला, तेव्हा त्याचे नाव होते ‘द रूट ऑफ ऑल ईव्हिल?’ : सर्व अनर्थांचे मूळ? हे नाव डॉकिन्स यांना पसंत नव्हते. कोणतीच एक गोष्ट सर्व अनर्थांचे मूळ असू शकत नाही असे त्यांचे म्हणणे होते. वाहिनीने नाव बदलले नाही, पण शेवटी एक प्रश्नचिन्ह देण्यापुरती माघार घेतली. संशयवादाचा पुरस्कार करणाऱ्या कार्यक्रमात संशय एका विरामचिन्हापुरता उरला, आणि तोही वाटाघाटीने मिळालेला! शिवाय हे चिन्ह उच्चारता येत नाही. मराठीत असे नाव ठेवावयाचे तर ‘का’ किंवा ‘काय’ घालावे लागले असते आणि शंका निदान ऐकू आली असती.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाचे नाव श्रद्धेचा विषाणू अशा अर्थाचे आहे. या रूपकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. रोग्याशी कोणी वाद घालीत नाही. श्रद्धा हा विषाणू म्हटला की श्रद्धाळू मनुष्य मध्यम पुरुषातून प्रथम पुरुषात (पाश्चात्त्य गणनेप्रमाणे द्वितीयातून तृतीयात) ढकलला जातो. ज्याच्याशी बोलावयाचे तो ज्याच्याविषयी बोलावयाचे असा होतो. ऑस्टिनच्या कार्यक्रमात कितीही दोष असले, तरी तेथे ‘तुम्ही’ हे सर्वनाम शेवटपर्यंत जिवंत राहते.

डॉकिन्स यांच्या कार्यक्रमातील सर्वांत बोलका प्रसंग त्यांच्या निवेदनातला नाही, एका भांडणातला आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील न्यू लाइफ चर्चचे तत्कालीन प्रमुख टेड हॅगार्ड यांच्याशी त्यांची मुलाखत चांगलीच बिनसते, आणि नंतर वाहनतळावर येऊन हॅगार्ड चित्रीकरण करणाऱ्या मंडळींना आवारातून निघून जाण्यास सांगतात. तुम्ही माझ्या मुलांना जनावरे म्हटले, अशी त्यांची तक्रार असते. डॉकिन्स यांचा रोख उत्क्रांतीकडे होता हे उघड आहे. परंतु ‘मनुष्य ॲनिमल आहे’ या वाक्याचे वर्गीकरण असा अर्थ जीवशास्त्रज्ञाने घेतला आणि शिवी असा अर्थ धर्मोपदेशकाने. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे करतो. मराठीत ती दोन शब्दांत वाटली गेली आहेत. प्राणी म्हणजे प्राण असलेला, त्यात कोणाला राग येण्याजोगे काही नाही. जनावर म्हटले की मारामारी. या प्रसंगाचे मराठी भाषांतर करणाऱ्याने प्राणी लिहिले तर हॅगार्ड वेडे ठरतात, जनावर लिहिले तर डॉकिन्स असभ्य ठरतात. मी स्वतः दोन्ही लिहून पाहिले आणि भाषांतर अपुरे सोडले.

शिवीचा विषय निघालाच आहे, तर पेन आणि टेलर या दोन अमेरिकन जादूगारांच्या कार्यक्रमाचा उल्लेख टाळता येणार नाही. २००३ ते २०१० या काळात शोटाइम या वाहिनीवर चाललेल्या या कार्यक्रमाचे नाव हीच एक शिवी होती. तिचा शब्दशः अर्थ बैलाचे शेण असा होतो. (ज्या भाषेत शेणाने अंगण सारवतात तिच्यात या शिवीचे भाषांतर करणे किती कठीण आहे हे सांगावयास नको.) जोडीतील पेन अखंड बोलतो, टेलर बोलतच नाही. पहिल्याच भागात पेन आपल्या शिवराळपणाचे कारण सांगतो : एखाद्याला ठक किंवा खोटारडा म्हटले तर तो न्यायालयात खेचू शकतो; अर्वाच्य शिवी दिली तर काही करू शकत नाही. भाषाविचारातील एक मूलभूत भेद येथे कायद्याच्या भीतीने स्वच्छ सांगितला गेला आहे. ठक हे विधान आहे, ते खरे किंवा खोटे असू शकते, म्हणून त्याची जबाबदारी घ्यावी लागते. शिवी खरीही नसते आणि खोटीही नसते. परंतु मग प्रश्न असा, की जो कार्यक्रम लोकांना पुरावा मागावयास शिकवितो त्याने आपला निष्कर्ष पुरावा मागताच येणार नाही अशा शब्दात का सांगावा? गंमत ही, की हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८६ साली याच शब्दाचे विश्लेषण करताना खोटे बोलणाऱ्याला सत्याची चाड तरी असते, या शब्दाने दर्शविलेल्या बोलण्याला तीही नसते, असे दाखविले होते. पेन यांच्या पक्षी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. दुसऱ्याच्या धूम्रपानाचा धूर अपायकारक असल्याचे दावे खोडून काढणारा एक भाग त्यांनी केला होता. तेथे आपली चूक झाली असावी असे त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. ती कबुली द्यावयास शिवी उपयोगी पडली नाही, विधानच करावे लागले.

शब्दाने कार्य घडते, हा विषय भाषाशास्त्रात जे. एल. ऑस्टिन यांनी आणला. (तत्त्वज्ञाचे आडनाव आणि टेक्ससमधील नगराचे नाव एकच असावे हा निव्वळ योगायोग.) शपथ घेणे, नाव ठेवणे, शिक्षा ठोठावणे ही कृत्ये योग्य माणसाने योग्य परिस्थितीत शब्द उच्चारले की घडतात, परिस्थिती नसेल तर शब्द फुकट जातात. मंत्र हे याच जातीचे वचन असल्याचा दावा असतो, फरक एवढाच की त्याचे फळ सामाजिक नसून शारीरिक असते. हा दावा दूरचित्रवाणीवर तपासला जाण्याचा प्रसंग ३ मार्च २००८ रोजी इंडिया टीव्ही या हिंदी वाहिनीवर आला. सुरेंद्र शर्मा या तांत्रिकाने आपण मंत्रबळाने तीन मिनिटांत मनुष्य मारू शकतो असे सांगितले. भारतीय बुद्धिवादी संघाचे अध्यक्ष सनल एडमरुकु यांनी, मला मारून दाखवा, असे म्हटले. तीन मिनिटे गेली, तास गेले, वाहिनीने ठरलेले कार्यक्रम बाजूला ठेवले, रात्री उघड्यावर होम मांडला गेला. एडमरुकु हसत बसले होते. १ ऑगस्ट १९७३ रोजी अमेरिकेत जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमात युरी गेलर यांच्याबाबत असेच घडले होते. जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने सर्व वस्तू कार्यक्रमाच्या लोकांनी स्वतः मांडल्या होत्या, आणि गेलर यांना त्या रात्री काही करता आले नाही. दोन्ही प्रसंगी संशयवाद्याला फारसे बोलावे लागले नाही. या साऱ्या कार्यक्रमांत चिकित्सेचा सर्वांत बलवान क्षण निःशब्द आहे, हे भाषेच्या अध्यापकाला थोडे अवघड जाऊनही मान्य केले पाहिजे.

दिल्लीच्या प्रसंगात मात्र एक वाक्य विलक्षण मोलाचे आहे. प्रयोग फसल्यावर तांत्रिकाने कारण दिले, की तुम्ही ज्या प्रबळ देवतेची उपासना करीत असाल तीच तुमचे रक्षण करीत आहे. ऑस्टिन ज्यांना वचनाच्या सिद्धीच्या अटी म्हणतात त्यांत ही अट मागाहून घातली गेली. विवाह लावणाऱ्याला मुहूर्त टळल्यावर अटी वाढविता येत नाहीत; मांत्रिकाला येतात, आणि तो फरक पडद्यावर सर्वांसमक्ष दिसला. एडमरुकु यांचे उत्तर, मी नास्तिक आहे, एवढेच होते. नास्तिक या शब्दातील भरीव मतीची मी वर जी अडचण म्हणून तक्रार केली, ती येथे उपयोगी पडली. मतीच्या निव्वळ अभावाने ही पळवाट इतकी पक्की बुजली नसती.

चार वर्षांनी याच गृहस्थांची दुसरी गोष्ट मुंबईत घडली आणि तिचा शेवट हास्यात झाला नाही. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ले येथील इर्ल्याच्या वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रूसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते श्रद्धेने गोळा करू लागले. एडमरुकु यांनी जागेची पाहणी केली आणि तुंबलेल्या सांडपाण्याच्या निचऱ्यातून केशाकर्षणाने वर चढणारे पाणी भिंतीतून क्रूसापर्यंत येते असे कारण सांगितले. मग टीव्ही नाइन या वाहिनीवर चर्चा झाली. तीत त्यांनी चर्च पैशासाठी चमत्कार रचते असा आरोप केला, क्षमायाचनेची मागणी झाली, ती त्यांनी नाकारली, आणि तत्कालीन भारतीय दंडविधानाच्या २९५अ या कलमाखाली पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या.

त्या चर्चेत दोन निराळ्या प्रकारची वाक्ये होती. पाण्याविषयीचे वाक्य कोणालाही तपासता येण्याजोगे होते : निचरा उघडावा, भिंत पाहावी, वाक्य टिकले तर टिकले. हेतूविषयीचे वाक्य तसे नव्हते. बाहेरचे भांडण दुसऱ्या वाक्यावर पेटले आणि पहिले त्यात वाहून गेले. दूरचित्रवाणीच्या चर्चेला पहिल्या प्रकारच्या वाक्यात रस वाटत नाही, हे कोणत्याही संध्याकाळी ताडून पाहता येईल. एडमरुकु यांनी पहिल्या वाक्यावर थांबावयास हवे होते असे मला वाटते. पण भिंतीच्या ओलीचे कारण सांगण्यावरून सुरू झालेला प्रसंग पोलिस ठाण्यापर्यंत जावा, याचे समर्थन त्यामुळे होत नाही. २०१२ सालीच ते देश सोडून फिनलंडला गेले. चर्चने ते ठिबकणे हा चमत्कार असल्याचे अधिकृतपणे जाहीर केलेले नव्हते. चमत्कार आहे असे आम्ही म्हणत नाही : म्हणजे ज्या रचनेचा आश्रय ऑस्टिनचे नास्तिक घेतात, तिच्याच आश्रयास चर्चही उभे होते, आणि गर्दी मात्र पाण्याची भांडी घेऊन बाहेर उभी होती.